भरलेला पेला

त्या गावात पाहुण्यापुढे पेला अर्धाच भरून ठेवीत. कोणी त्यास कृपणता म्हणत नसे. पुढ्यात अथांग सागर आणि विहिरींना मचूळ पाणी, अशा गावाने घोटाघोटाचा मान राखावा हे स्वाभाविकच होते. सासूबाईंचा हात तर असा बसला होता, की डोळे मिटून ओतले तरी पाणी पेल्याच्या मध्यावर थांबे.

सून समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या नव्या प्रकल्पावर पाळीप्रमुख होती. घरोघरी नळ वाहू लागले, तरी कामावरून परतल्यावर तिच्यापुढे अर्धाच पेला येई.

"आई, आता तरी भरून द्या की!"

"तुझ्या यंत्राचा काय भरवसा? आधीचं आठवतं ना? चार दिवस नाचलं आणि कायमचं बसलं."

सून हसली, पण शब्द लागले. अवघ्या गावाने तिची पाठ थोपटली होती. तिला हवा होता तो हा एवढा पेला.

एके सकाळी जेलीफिशचे थवे किनाऱ्याला लागले. समुद्राचे पाणी आत घेणाऱ्या जाळ्या बुजल्या आणि यंत्र थांबवावे लागले. कोरडा नळ पाहून सासूबाईंनी सुनेचा डबा भरला. "बघू तरी, यंत्रबाईसाहेब कशाने रुसल्या," असे पुटपुटत त्यांनी प्रकल्पाची वाट धरली.

सून जाळीच्या हौदात कमरेइतक्या पाण्यात उभी राहून फिटरच्या बरोबरीने बुळबुळीत गोळे उपसत होती.

"अगं, तू साहेब ना इथली?"

"साहेब काठावर, आजी," फिटर हसला. "हौदात सगळे हमाल!"

दुपारी पंपांचा धीरगंभीर घोष पुन्हा दालनात भरला. प्रचंड दाबाने सागर अतिसूक्ष्म पडद्यांवर लोटला जात होता. क्षार अलीकडे अडत होते आणि पलीकडे निर्मळ जल पाझरत होते. मनुष्यबुद्धीचे ते तप पाहून सासूबाईंचे हात नकळत जुळले. दुसऱ्याच क्षणी त्या ओरडल्या. ते पाणी नळीवाटे सरळ समुद्रात परत चालले होते.

"अगं, सांडतंय!"

"सांडू द्या, आई. क्षार अजून जास्त आहेत."

सासूबाईंनी ओंजळ धरून घोट घेतला. "गोड तर आहे! आमची हयात याहून खारट पाण्यावर गेली. गाव तहानलंय आणि तू ओतून देतेस?"

"तुमच्या जिभेला गोड लागतंय, मीटरला नाही. तान्ह्या बाळालाही हेच पाणी प्यायचंय ना?"

फोन वाजत राहिला. पाणी कधी, असे जो तो विचारी. "क्षार उतरले की लगेच," हेच उत्तर सून शांतपणे देई. सासूबाई स्टुलावर बसून मीटरचे आकडे उतरताना पाहत होत्या. हाती आलेले पाणी दुसऱ्यांच्या काळजीपोटी सोडून देणारे माणूस त्यांनी आजवर पाहिले नव्हते.

अखेर सुनेने व्हॉल्व्ह फिरवला आणि प्रवाह गावाकडे वळला.

संध्याकाळी सून घरी येऊन टेबलाशी बसली. सासूबाईंनी पाणी ओतले. सवयीने ते मध्यावर थांबले. सासूबाईंनी तांब्या पुन्हा तिरपा केला. हाताला सराव नव्हता. पेला काठोकाठ भरून दोन थेंब टेबलावर सांडले.

"यंत्राचा भरवसा मला अजून नाहीच," त्या म्हणाल्या. "तुझा आहे. बघत काय बसलीस? पी."