पहिल्या घासाबरोबर

वहिनीचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले होते. स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ होती, ती वेळेत निघाली. डॉक्टरांनी "आता खा-प्या, ताकद भरा" म्हणून घरी सोडलं. वहिनी खायचीही. पण अंगी लागत नव्हतं.

ती आणि तिची नणंद मिळून शिवणाचं दुकान चालवत. नणंदेला सगळे धाकटी म्हणत. वहिनीचे कपडे सैल व्हायचे, आणि दर आठवड्याला धाकटी ते शिवून आणखी आत घ्यायची. वहिनीला मात्र गाठ परत आलीय असंच वाटत होतं, म्हणून ती दवाखान्याचं नाव काढत नव्हती. एके दिवशी धाकटीने कात्री खाली ठेवली.

"वहिनी, आणखी किती आत घेऊ? उद्या तुला बाहुलीचे कपडे बसतील. चल, उठ!"

"तपासणीला पंधरा दिवस आहेत गं अजून."

"आहेत तर आहेत."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सगळं विचारून घेतलं. शौचाला फिकट, तेलकट होतं का? वहिनी लाजून "हो" म्हणाली. हे तिने घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

"आणि ऑपरेशननंतर पचनासाठी दिलेल्या त्या कॅप्सूल?"

"एकही चुकवली नाही! सकाळी उठल्या उठल्या, उपाशीपोटी, दिवसभराच्या सगळ्या एकदम. म्हणजे कटकट नको."

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला आणि कागदावर चित्र काढलं. जठराच्या मागे आडवं पसरलेलं, लांबट स्वादुपिंड.

"याची कामं दोन. एक, साखर आटोक्यात ठेवणं. ते करणाऱ्या पेशी शेपटीकडे, या निमुळत्या टोकाकडे, जास्त असतात. तुमची शेपटी शाबूत आहे, म्हणून साखर सध्या ठीक आहे. दुसरं, अन्न पचवणारा रस आतड्यात सोडणं. तो आता पुरेसा येत नाही. त्या कॅप्सूलमध्ये तोच रस आहे. पण आतड्यात अन्नच नसेल, तर तो पचवणार काय?"

"म्हणजे जेवताना घ्यायच्या?"

"पहिल्या घासाबरोबर, आणि थोड्या जेवणाच्या मध्ये. काही खाल्लं, की प्रत्येक वेळी. हे आम्हीच नीट समजावायला हवं होतं."

"आणि गाठ?" वहिनीने शेवटी विचारलं.

गाठीसाठी त्यांनी त्याच दिवशी स्कॅन करून घेतला. तीन दिवसांनी फोन आला. नवीन काही नव्हतं. पुढेही तपासत राहावं लागणार होतं, पण आज काही नव्हतं. वहिनी खुर्चीत बसून हमसून हमसून रडली, आणि धाकटी उगाचच तिच्यावर ओरडत राहिली, "आता कशाला रडतेस? आता कशाला?"

पुढच्या महिन्यात वजन दोन किलो वाढलं. वहिनी पुन्हा मशीनवर बसू लागली. आधी तासभर, मग अर्धा दिवस. दवाखान्यातून तिला एकदा बोलावणं आलं: तसंच ऑपरेशन झालेले एक म्हातारे शिक्षक काही केल्या जेवत नव्हते. वहिनी त्यांच्या खाटेशी जाऊन बसली.

"मास्तर," ती म्हणाली, "ताट घ्या पुढ्यात, आणि ती कॅप्सूलही. मी सांगते कसं ते."