बिनचिठ्ठीच्या कुंड्या

आई सकाळपासून व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होती. अकरा फळ्या जायच्या, अकरा यायच्या, आणि सातवी दर वेळी करकरायची. ते ऐकून ऐकून माझं डोकं उठलं होतं. तिच्या पायांचं हे दुखणं जुनं. जरा बसली की आत काहीतरी वळवळतं, मग उठावंच लागतं. डॉक्टरांच्या गोळ्यांनी हात टेकले होते, पण आमच्या जांभळीनं कधीच टेकले नव्हते.

जांभळी म्हणजे बाबांचा गांजा, एकाच झाडाच्या फांद्या लावत लावत तीस वर्षं जपलेला. बरणी उघडली की द्राक्षाच्या सरबताचा वास यायचा, गोड आणि थोडासा मातकट. आई दुपारी जेवण झालं की दोन झुरके घ्यायची, जिभेवर द्राक्षाची साल घोळतेय म्हणायची, आणि पाव तासात तिचे पाय शांत व्हायचे. मागोमाग तीही खुर्चीतच पेंगायची.

यंदाचा माल मात्र भलताच निघाला. आत घेताना द्राक्ष, बाहेर सोडताना लिंबाची साल. मी चव घेतली त्या दिवशी छाती धडधडायला लागली. घरातल्या सगळ्या खिडक्या पुसून काढल्या, चमच्यांचा खण दोनदा लावला, आणि तिसऱ्यांदा उपसला तेव्हा बाबा म्हणाले, "विलो, चमचे पळून चाललेत का?"

"बाबा, ही आपली जांभळी वाटत नाही मला."

"काल जन्मलीस आणि मला शिकवतेस? बरण्यांना नीट ढेकर मिळाला नाही, एवढंच."

माल मुरताना बरणीत कोंडलेली हवा रोज सोडावी लागते, त्याला आम्ही ढेकर म्हणतो. तेव्हापासून बाबा दिवसातून चारदा झाकणं काढायचे, आत नाक खुपसायचे आणि म्हणायचे, "येतोय. आता येतोय वास."

त्यांच्या नाकापुढे आमच्या डोंगरात कोणाची टाप नव्हती. पूर्वी पोलिसांची हेलिकॉप्टरं घिरट्या घालायची, त्यामुळे कुंडीवर चिठ्ठी लावायचं कोणी नावच काढायचं नाही. लिहिलेलं सापडलं की कोर्टात पुरावा. देठ बोटांत चोळायचं, बोट हुंगायचं आणि झाड ओळखायचं. आता गांजा लावायचा सरकारी परवाना भिंतीवर लटकतोय, तरी जुन्या लोकांची सवय काही सुटत नाही. फेब्रुवारीत शेडमध्ये दोन कुंड्या होत्या, एक जांभळी आणि दुसरी तिच्याच बियांतून उगवलेली, दिसायला तशीच पण वासाला वेगळी. बाबांनी हुंगून एक ठेवली आणि दुसरी खतात फेकली. यंदाचं सगळं पीक त्या ठेवलेल्या कुंडीच्या फांद्यांचं.

मंगळवारी दूध करपलं. मी अंगणातून धावत आले, तर बाबा शेगडीकडे पाठ करून निवांत पेपर वाचत बसलेले.

"बाबा, वास नाही आला?"

"आला की. कॉफी फर्मास झालेली दिसतेय."

जानेवारीत त्यांना ताप आला होता, त्यातच नाक गेलं असणार. आणि त्या नाकानं त्यांनी खरी जांभळी खतात घातली होती. हे त्यांना तोंडावर सांगायची माझी छाती होईना.

मी खालच्या वळणावरच्या लॉईडकडे गेले. बाबांनी त्याला फार पूर्वी जांभळीची फांदी दिली होती. आमच्याकडे फांदी विकत नाहीत, देतात, आणि देणाऱ्याची मेली तर परत देतात.

"नेऊन देतो की," लॉईड म्हणाला. "पण छप्पर गळलं तेव्हा कुंड्या हलवल्या, आता कोणती कुठली देव जाणे. माझं नाक नुसतं चष्मा टेकवायला आहे. तुझ्या बापालाच, ऑरिनलाच निवडू दे."

मी नको म्हणायच्या आत त्यानं रविवार ठरवूनही टाकला.

रविवारी दुपारी चार कुंड्या अंगणात उतरल्या. हिरव्यागार, एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं अशा. बाबा उकिडवे बसले. प्रत्येक देठ वेगळ्या बोटानं चोळलं, हुंगलं, पुन्हा हुंगलं. त्यांचे कान लाल झाले. हे पुन्हा चुकले तर आई आणखी एक वर्ष चालत राहणार होती.

"काय रे," लॉईड म्हणाला, "एवढा वेळ तर तू लग्नाला हो म्हणतानाही घेतला नव्हतास."

सातवी फळी करकरायची थांबली. आई कठड्याशी उभी राहून बघत होती. बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले, पायऱ्या चढले आणि चारही बोटं तिच्या नाकापुढे धरली.

"अडेल, तू सांग. माझं नाक गेलंय."

लॉईड एकदम आपल्या बुटांकडे बघायला लागला. आईनं बाबांचं मनगट धरलं.

"हे लिंबू. ह्याला डिझेलचा वास." तिसऱ्या बोटाशी ती थांबली, डोळे मिटले. "हीच."

"जानेवारीपासून काहीच येत नाही," बाबा म्हणाले.

"ठाऊक आहे मला. फेब्रुवारीत फांद्या कापून जेवायला आलास, तेव्हा तुझ्या बोटांना लिंबाचा वास होता. खतात जाऊन पाहिलं, तर जांभळीचे तू तुकडे केले होतेस."

मला असा संताप आला! "आणि तू बोलली नाहीस? ऑगस्टात जुनी बरणी संपल्यापासून नाचतेयस या फळ्यांवर!"

"पाय माझे आहेत, नाचू देत," आई म्हणाली. "नाकाशिवाय ह्याच्याजवळ दुसरं होतं काय?"

लॉईडनं गाडीतून पेन आणि चिकटपट्टी आणून दिली. बाबांनी तिसऱ्या कुंडीवर चिठ्ठी लावली, आमच्या घरातली पहिली. पण ती फांदी रुजून, वाढून, मुरून बरणीत यायला पुढचा नोव्हेंबर उजाडणार होता.

आईचे पाय वळवळायला लागले, ती पुन्हा चालू लागली. बाबा थोडा वेळ दाराशी उभे राहिले. मग तिच्या मागोमाग निघाले. सातवी फळी आता दोनदा करकरत होती.