पहिल्या सफरचंदाची फोड

रूपरावनं सुनेच्या हातातली सफरचंदाची फोड हिसकावली आणि अंगणात भिरकावली.

"थुक! वर्षाली, तोंडात असन ते थुकून टाक!"

सातवा महिना लागलेली पोर ती. घाबरून ओढणीतच थुंकली.

"काय झालं, मामाजी?"

काय सांगणार, कपाळ! देवळी गावच्या रखरखत्या उन्हात सफरचंद लावतो म्हणून अख्खं गाव हसलं, तेव्हा ही एकटी सून त्याच्या बाजूनं उभी राहिली. अट एकच घातली, झाडांवर विष मारायचं नाही. म्हणून दोघं रोज सांजेला झाडाखाली चादर अंथरायचे, फांद्या हलवायचे आणि टपटप पडलेले भुंगे रॉकेलच्या पाण्यात बुडवायचे. पण भुंगे काही हटेनात. पानांची पार चाळण झाली. काल तर पिकायला आलेल्या एकुलत्या एका फळाभोवती ते घोंगावताना दिसले आणि त्याला राहवलं नाही. आज पहाटे कोणाला न सांगता त्यानं पंप पाठीवर घेतला आणि फळासकट झाड भिजवून काढलं.

पहिलं फळ देवापुढे ठेवून दोन जिवांच्या बाईला द्यायचं, ही त्याच्या बायकोची, जयवंताची रीत. त्याला ठाऊक नव्हती का? होती की! पण ती आजच तोडेल, हे या शहाण्याच्या डोक्यातच आलं नाही.

"मी फवारलं वो सकाळी," तो स्वयंपाकघराच्या दारात उभ्या जयवंताला म्हणाला. "इचारलं नाई कोनाले. हिले सावंगीच्या दवाखान्यात नेऊ. चाल लवकर."

वर्षाली पोटावर हात धरून मटकन खाली बसली.

जयवंता दारातून हलली नाही.

"तिले काई होत नाई," ती हळूच म्हणाली. "हे आपल्या झाडाचं नोय. चौकातल्या फळाच्या गाडीवरून आनलं म्या."

"मंग आपलं?"

"नऊ वाजता तोडलं, तं खालच्या अंगानं भुंग्यायनं पोखरलेलं. तसं देवाले कसं ठेवाव? अन् तुमाले सांगतलं असतं तं जेवले नसते तुमी."

रूपरावला एवढं हायसं वाटलं की त्याला हसूच फुटलं.

"फेकलं ना मंग?"

"फेकाचं कायले? किडकं तेवढं कापून टाकलं," जयवंता म्हणाली. "बाकीचं म्या खाल्लं. लय गोड होतं."

वर्षालीनं भिंतीला धरून उठत खुंटीवरची गाडीची किल्ली काढली आणि सासऱ्याच्या हातात दिली.