गोजराआजीचे ओठ

मी एक जुना व्हीसीआर आहे, मित्रांनो. तळवली गावात पुतळाआजींच्या घरी राहतो. पोटात कॅसेट घातली की मी तिची काळी फीत बाहेर ओढतो, गरगर फिरणाऱ्या माझ्या डोक्याभोवती ताणून धरतो आणि तिच्यावरचं चित्र टीव्हीला देतो. हे काम मला आजही उत्तम जमतं. थोडी घरघर होते, एवढंच.

मी आलो तेव्हा घरासमोर भातशेती होती. रविवारी अर्धी आळी माझ्यासमोर बसायची. पुढे शेतांच्या जागी नव्या शहराचे सेक्टर उभे राहिले, माझ्या जागी दुसरी यंत्रं आली आणि मी कपाटावर गेलो, गौरीच्या मुखवट्यांच्या खोक्याखाली. पंधरा वर्षं मला कुणी विचारलं नाही. मी रुसलो नाही. माझं काम मला येत होतं.

यंदा आजींच्या नातीचं, उन्नतीचं लग्न ठरलं. आमच्याकडे हळदीला धवला हे गाणं लागतं आणि ते गाणारी बाई म्हणजे धवलारीण. आजींची आई गोजरा ही बोनकोड्याची नावाजलेली धवलारीण होती. उन्नतीच्या बाबांच्या हळदीला ती शेवटचं गायली. ती हळद एका कॅसेटवर आहे. आजींना तोच धवला उन्नतीसाठी गायचा होता, पण शेवटचं कडवं त्यांना ठाऊक नव्हतं. आई ते गात होती तेव्हा त्या चुलीपाशी अडकल्या होत्या. आणि कॅसेटवर नेमक्या त्याच वेळी बेंजोवाल्यांनी वाजवायला सुरुवात केली आहे. शब्द कुणालाच ऐकू येत नाहीत.

पण आजींकडे एक वाट होती. दहा वर्षांपूर्वी त्यांचे कान गेले. समोरच्याचे ओठ पाहून त्या बोलणं ओळखतात. कॅमेरावाल्याने गोजराआजीचा चेहरा जवळून टिपला होता. ओठ दिसले की काम झालं.

उन्नतीने एका छोट्या डबीने मला लॅपटॉपला जोडलं आणि फीत फाईलमध्ये उतरवली. सगळ्यांना फोनवर पाठवता यावी म्हणून फाईल अगदी लहान ठेवली. लहान फाईलमध्ये चित्राला दर क्षणी थोडीच जागा मिळते. तिच्यामागे मांडवात हळद उडत होती, माणसं नाचत होती. सगळी जागा त्यातच संपली. गोजराआजीच्या तोंडाच्या जागी चार-पाच चौकोन उरले.

आजी टीव्हीच्या अगदी जवळ गेल्या. "आयचं लुगडं हाय, कपाल हाय. ओठ कुठं ठेवलंस गो?"

"आजी, बाकी सगळ्यांना बरं दिसतंय."

"सगल्यांना गायचं नाय. मना गायचंय."

उन्नतीने मग तीच फाईल चौपट मोठी केली. चौकोनही मोठे झाले. एवढी फाईल टीव्हीला झेपेना, चित्र अडकलं. गोजराआजीचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं.

"आय जांभई देतंय काय?" आजींनी विचारलं.

शेवटी वामनकाकांना बोलावलं. पूर्वी माझी दुरुस्ती तेच करायचे. सगळं ऐकून ते म्हणाले, "कोलंबी जालून टाकलीस, आता तीच मोठ्या कढईत ओतलीस. ताजी होनार हाय काय ती?"

"मग कॅसेट परत लावते."

काकांनी कॅसेटच्या तोंडावरची पट्टी उचलली. फितीच्या कडेला पांढरी बुरशी होती. "खाडीची हवा. एकदा चालंल, पोरी. दुसऱ्यांदाचं मी सांगत नाय."

हळद परवावर आली होती. काकांनी बुरशी हलक्या हाताने टिपली आणि स्पिरिटने माझं डोकं पुसलं. मग उन्नतीला समजावलं. मी सेकंदाला पन्नास अर्धी चित्रं देतो. जागा वाचवायला तिने त्यातली निम्मी टाकली होती, त्यांच्याबरोबर ओठांची निम्मी हालचालही गेली होती. आता जे येईल ते सगळं घ्यायचं, आहे त्याच आकारात. माझ्याकडे नाही ते मोठ्या फाईलमध्येही येणार नाही.

फीत आत आली. एका जागी ती चिकटू लागली, चित्र थरथरलं. मी वेग सोडला नाही. तासाभराने कॅसेट सुखरूप बाहेर आली. फाईल तेरा जीबीची झाली.

ही मूळ फाईल उन्नतीने जपून ठेवली आणि तिच्यावरून टीव्हीसाठी लहान प्रती केल्या. प्रत्येक प्रत आजींना दाखवली. आजी "दिसतंय" म्हणाल्या की उन्नती पुढची प्रत आणखी लहान करायची. एका प्रतीला आजींनी कपाळाला आठ्या घातल्या. तेव्हा ती एक पायरी मागे आली आणि तिथेच थांबली. दोन जीबी.

आजी ओठ वाचत एकेक शब्द मोठ्याने म्हणू लागल्या. एका शब्दाशी त्यांनी टीव्हीवर बोट ठेवलं.

"परत लाव."

तीनदा लावलं.

"आयनं माजं नाव घातलंय," आजी म्हणाल्या. "पुतला. ओठ मिटून उघडतात, बग. मी चुलीपाशी, आन् ती माजं नाव गात व्हती."

मित्रांनो, तुमच्या घरीही कपाटावर एखादी कॅसेट असेल. बुरशी लागण्याआधी ती खाली काढा. पहिली प्रत पुरती घ्या, काही टाकू नका. नंतर लहान कराल, तेव्हा तिच्यात कुणाला काय बघायचं आहे ते आधी त्यालाच विचारा.

हळदीला आजी गायल्या. शेवटच्या कडव्यात त्यांनी उन्नतीचं नाव घातलं. तेवढा वेळ वामनकाका बेंजोवाल्यांसमोर हात आडवा धरून उभे होते.