ताठ बसून दिलेलं माप

बावीस वर्षं त्या ऑफिसातली झाडून सगळी टेबलं-कपाटं मिस्त्रीच्या हातची. मालक कुठल्याशा परिषदेहून परतले ते डोक्यात वारं भरूनच. आता केबिनी नकोत, कुणाची ठरलेली जागा नको. लांबच लांब टेबलं, येईल तो बसेल. जमाना तसा आहे म्हणे. तयार टेबलं मागवली की मिस्त्रीची नोकरी गेली, हे सांगायला ज्योतिषी नको होता. त्याने हातापाया पडून ती लांब टेबलं स्वतः बनवायची एक संधी मागून घेतली.

ऑफिसातल्या पंधराही जणांना खुर्चीवर बसवून त्याने जमिनीपासून कोपरापर्यंतचं माप घेतलं. मालक जातीने हजर होते. टेबलं झाली देखणी, पण आठवड्याभरात निम्मं ऑफिस खांदे चोळायला लागलं.

"सोमवारी तयार टेबलांची ऑर्डर देतो," मालक म्हणाले.

मिस्त्रीला घास गोड लागेना. माप दोनदा घेतलेलं, चुकेल कसं? बायको म्हणाली, "अहो, शिंप्याकडे तुम्ही पोट आत ओढून उभे राहता आणि मग शर्टाची बटणं तुटतात. तसलंच काहीतरी असेल."

दुसऱ्या दिवशी बिजागऱ्या बघायच्या निमित्ताने तो दुपारभर ऑफिसात रेंगाळला. टेलिफोनवाली खुर्चीत घसरलेली, नकाशेवाले काका पोक काढून बसलेले. माप देताना हीच मंडळी काठी गिळल्यासारखी बसली होती. कोपरं चांगली दोन बोटं वर गेली होती, तेवढीच टेबलंही उंच झाली. मिस्त्रीला स्वतःचाच राग आला. बावीस वर्षं माणसं बसताना बघितली आणि ऐन वेळी अक्कल गहाण टाकली.

सोमवारी तो सगळ्यांदेखत मालकांपुढे उभा राहिला. "टेबलांचे पाय कापायला हवेत, साहेब."

"म्हणजे माप चुकलं ना?"

हो म्हणावं तर नोकरी जाते. माणसं वाकडी बसतात म्हणावं, तर उद्यापासून त्यांची धडगत नाही.

"तुम्ही मागे उभे होता, साहेब. मी घेतलं ते तुमच्या धाकाचं माप. माणसांचं घ्यायचं राहिलं."

कुणी मान वर केली नाही. मालकांनी चष्मा काढून पुसला, परत घातला.

"मग आता?"

"परत घेतो. तुम्ही तेवढे बाहेर थांबा."

"ऑर्डर उद्यावर ढकलतो," म्हणत मालक गेले आणि दार लागलं. टेलिफोनवालीने हळूच खांदे सोडले. मग एकेकाची पाठ खाली आली. मिस्त्रीने आधी टेलिफोनवालीचंच माप घेतलं.