विंचू काच चढत नाही

दुरांगो शहराच्या मंडईत मेलेला विंचू विकणारे बावीस गाळे होते. विंचू घातलेली किल्ल्यांची साखळी, विंचू घातलेलं घड्याळ, सिगारेटच्या राखेची तबकडी, काय हवं ते. जिवंत विंचवाला घर बांधून देणारा गाळा मात्र एकच, आणि तो सेनोबिया आरेओलाचा. बापाकडून तिला काचेचं दुकान मिळालं होतं. खिडक्यांच्या काचा बसवता बसवता पाच-सहा वर्षांपूर्वी कुणीतरी टॅरंटुला कोळ्यासाठी पेटी मागितली, तिने करून दिली, आणि मग तिला त्याचं वेडच लागलं.

तिच्या पेट्यांना नावं ठेवायला जागा नसे. टॅरंटुलाची पेटी बुटकी आणि रुंद, कारण तो केसाळ जीव काचेवर सरसर चढतो आणि उंचावरून पडला तर त्याचं पोट फुटतं. झाकणाला जाळी नाही, जाळीत त्याच्या नख्या अडकतात. त्याऐवजी काचेला सुईएवढी भोकं, एकेक भोक हाताने पाडलेलं. तळाला नारळाचा भुसा, कोपऱ्यात सालीचं बीळ. तिच्या स्वतःच्या गाळ्यात बेर्ता नावाची लाल गुडघ्यांची टॅरंटुला मालकिणीसारखी बसलेली असे. येणारे-जाणारे सेनोबियाला ‘विंचवांची सासू’ म्हणत. ती म्हणे, “असू दे. माझ्या सुना तुमच्या सुनांपेक्षा कमी बोलतात.”

विंचवाच्या पेटीचं मात्र तिने सोपं ठेवलं होतं. भिंती उंच, झाकण घट्ट, आणि झाकणाखाली चारही बाजूंनी हवेसाठी बोटभर फट. फट उघडी ठेवायला तिला कधी भीती वाटली नाही. विंचू काच चढत नाही, हे दुरांगोतल्या पोराला दात यायच्या आधी कळतं. इथे पाळण्याचे पाय काचेच्या बरण्यांत उभे करतात ते उगाच नाही.

आणि तरीही तिच्याकडून पेटी नेलेल्या नासारियो मास्तरांचा पाळीव विंचू त्यांच्या घरमालकिणीच्या चपलेत सापडला.

बाई वाचली; चप्पल झटकून घालायची सवय कामी आली. पण तिने मंडईत येऊन असा आरडाओरडा केला की टोमॅटोवाल्यासुद्धा गाळे सोडून धावल्या. गाळेवाल्यांच्या संघाने गुरुवारी सकाळी सभा ठेवली. विषय एकच, सेनोबियाला मंडईत ठेवायचं की काढायचं.

बुधवारी दुपारी संघाचा अध्यक्ष एवारिस्तो तिच्या गाळ्यावर आला. हा किल्ल्यांच्या साखळ्यांचा मोठा व्यापारी, पोट पुढे आणि टोपी मागे. त्याच्या मुलीच्या, मिरेयाच्या बाप्तिस्म्याला सेनोबिया धर्ममाता होती, म्हणून दोघं एकमेकांना कोमाद्रे-कोम्पाद्रे म्हणत आणि भांडतही हक्काने.

“कोमाद्रे, उद्याचं काही मनाला लावून घेऊ नकोस,” तो स्टूल ओढत म्हणाला. “एवढंच सांगायचं, की मास्तराने झाकण उघडं टाकलं. सगळ्यांना पटेल. तुझा गाळा वाचला, विषय संपला.”

“आणि मास्तर?”

“मास्तराचं काय! बाहेरगावचा माणूस. घर बदलेल, फार तर शाळा बदलेल. पुस्तकात वाचून विंचू पाळणारी माणसं ही. त्यांना काय कळतंय?”

 खरं तर सेनोबियानेही मास्तरांना हेच सुनावलं होतं. पेटी परत घेऊन बिचारे आले होते, डोळे सुजलेले, आणि पुन्हा पुन्हा सांगत होते, “ताई, झाकण लावलेलं होतं हो.” तेव्हा ती भर गर्दीत फाडकन म्हणाली होती, “मग काय उडून गेला का? खोटं बोलू नका मास्तर.” ते पेटी तिथेच ठेवून मान खाली घालून गेले होते.

पण ते झाकण तिच्या मनातून जाईना. झाकण तिचं, ते कसं बसतं हे तिला ठाऊक होतं. एवारिस्तो गेल्यावर तिने त्या पेटीत एक विंचू सोडला, झाकण लावलं आणि कॉफी घेऊन समोर बसली. विंचवाने काचेला पुढचे पाय लावले, घसरला. पुन्हा लावले, पुन्हा घसरला. सेनोबिया हसली. मग तो कोपऱ्यात गेला. दोन काचा जोडणारी सिलिकॉनची रेघ तिथे आतून होती, तिने स्वतःच्या अंगठ्याने गुळगुळीत दाबलेली, तळापासून थेट वरपर्यंत. त्या मऊ रेघेत विंचवाने नखं रोवली आणि शिडी चढावी तसा वर आला. फटीतून त्याचे पुढचे पाय बाहेर डोकावले तेव्हा कॉफीला सायही धरली नव्हती.

तिची कानशिलं तापली. विंचू काच चढत नाही, बरोबर. पण तिने त्याला काचेत जिना बांधून दिला होता, आणि वर दरवाजाही उघडा ठेवला होता. मास्तरांचं ते तोंड आठवून तिला स्वतःची इतकी लाज वाटली की तिने कप बाजूला ढकलला.

आणि मग तिला पाळणे आठवले. 

गुरुवारी सभेला ती दोन पेट्या आणि लांब चिमटा घेऊन गेली. मंडईच्या मधल्या चौकात खुर्च्या मांडल्या होत्या. नासारियो मास्तर मागे खांबाला टेकून उभे होते, शिक्षा ऐकायला आल्यासारखे.

एवारिस्तोने घसा खाकरला. “कोमाद्रे सांगेल, त्या दिवशी झाकण कुणी उघडं...”

“झाकण बंद होतं,” सेनोबिया म्हणाली. “मास्तर खरं बोलत होते. मी त्यांना सगळ्यांदेखत खोटं ठरवलं, तर माफीही सगळ्यांदेखत मागते. मास्तर, माझं चुकलं.”

“अगं बाई, मग विंचू काय पंख लावून गेला?” मक्याच्या भरलेल्या गोर्दिता विकणारी बाई ओरडली. हशा पिकला.

“बघा की. मान लांब करा, पण हात नको.”

तिने जुनी पेटी टेबलावर ठेवली, विंचू आत सोडला, झाकण लावलं. लोक गंमत बघायला पुढे सरकले. विंचू दोनदा घसरला. कुणीतरी शिट्टी मारली. मग तो कोपऱ्याशी गेला, रेघेला चिकटला आणि वर निघाला. अर्ध्यावर आला तशी पुढची रांग मागे झाली. फटीतून बाहेर आला तेव्हा तीन खुर्च्या उलटल्या. सेनोबियाने त्याला शांतपणे चिमट्यात धरला आणि दुसऱ्या पेटीत टाकला. रात्रीत केलेल्या या नव्या पेटीचं सिलिकॉन बाहेरून होतं, आतले कोपरे कोरडे, आणि झाकणाखाली फटीऐवजी बारीक भोकं. तिथे विंचू घसरतच राहिला.

 सगळ्यांत आधी एवारिस्तो भानावर आला. आपल्याला तोंडघशी पाडल्याचा राग त्याच्या चेहऱ्यावर लाल उमटला होता.

“झालं! स्वतःच्या तोंडाने कबूल केलं. मी वाचवायला गेलो होतो, पण हिला वाचायचंच नाही. हिच्या पेटीतून विंचू निघतो, हे आता सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. मत घेऊ या. काढायचं म्हणणाऱ्यांनी हात वर...”

“थांब, कोम्पाद्रे. माझं संपलेलं नाही.”

“अजून काय उरलंय?”

“पाळणे उरलेत.” तिने मान खाली घातली नाही. “बाबा पाळण्याच्या पायांना मुरंब्याच्या गोल बरण्या द्यायचे. मला त्या गावंढळ वाटल्या. मी चौकोनी पेट्या काढल्या, शोभेच्या. आत पाळण्याचा पाय नीट बसावा म्हणून त्यांचं सिलिकॉन मी बाहेरून लावलं. चारही कोपऱ्यांना, जमिनीपासून काठापर्यंत. तुमच्यापैकी निम्म्या घरांत त्या आहेत. विंचू जमिनीवरून येतो. मला काढायचं तर काढा, कोण अडवतंय! कालच गप्प बसले असते तर गाळा राहिलाच असता माझा. पण आत्ता, या घटकेला, पाळण्यातलं मूल उचला आणि मग हवे तेवढे हात वर करा.”

एवारिस्तोने खिशातून फोन ओढून काढला. मिरेयाची तान्ही लेओनोर चाळीस दिवसांची होती. तिच्या पाळण्याच्या चार पेट्या सेनोबियाने धर्ममातेची भेट म्हणून स्वतः नेऊन बसवल्या होत्या, आणि तेव्हा एवारिस्तोने सगळ्या गल्लीला बोलावून त्या दाखवल्या होत्या.

मतं मोजायला चिटणीस उभा राहिला. पण मोजायला हात कुणाचा मोकळा नव्हता. सगळे फोन कानाला लावून एकदम बोलत होते. “आधी उचल तिला! कारण मागाहून विचार!” “आई, पाळण्याजवळ जा, हो, आत्ता!” गोर्दितावाली तर तवा तसाच टाकून पळाली. नासारियो मास्तर खांब सोडून पुढे आले आणि न विचारता उलटलेल्या खुर्च्या सरळ करू लागले.

सेनोबिया गाळ्यावर परतली. पाटीवर खडूने लिहिलं: चौकोनी पेट्या परत आणा. चूक माझी. बेर्ताला पाणी दिलं, काच कापायचं हत्यार काढलं आणि वाट बघत बसली. गाळा जाणार, असं तिने धरूनच ठेवलं होतं. तिला त्याचं दुःख होतं, पण पश्चात्ताप नव्हता.

तासाभराने एवारिस्तो आला. टोपी नव्हती, शर्ट घामाने भिजलेला. छातीशी धरलेल्या चार पेट्या त्याने टेबलावर ठेवल्या. त्यांतल्या एकीच्या बाहेरच्या कोपऱ्यावर, सिलिकॉनच्या रेघेत, टाचेने चिरडलेल्या विंचवाचा डाग होता. अर्ध्या उंचीवर.



“पोर?” सेनोबियाने विचारलं.

“मिरेयाच्या कडेवर. झोपलीय.” त्याने चेहऱ्यावरून हात फिरवला. “कोमाद्रे, नव्या करायला किती वेळ लागेल?”

सेनोबियाने पेटी उचलली, उजेडात धरली आणि त्याच्याकडे सरळ बघितलं.

“ते तुमच्या मतदानावर आहे, कोम्पाद्रे. गाळा उघडा राहिला, तर संध्याकाळपर्यंत.”