आमच्या गच्चीवरचा मुख्य नोड

आमची धाकटी बहीण डोंगरापलीकडच्या पंपघरावर नोकरी करते. अख्ख्या गावाचं पाणी तिच्या हातून सुटतं, पण तिथे फोनला रेंज नाही. "दिवसभर बोलायला काय, तर मोटार!" असं म्हणत तिनं बदलीचा अर्ज भरून ठेवला होता. महिनाअखेरीपर्यंत तो द्यायचा, आणि बदली झाली की ती दोन दिवसांच्या प्रवासाइतकी लांब जाणार. तिला एवढं लांब जाऊ द्यायचं नाही, हे मी मनाशी पक्कं केलं.

उपाय सुचवला बेकरीवाल्या ताईंनी. गावात पंधरा-वीस जणांनी मिळून निरोपांचं एक जाळं उभं केलंय, त्यात त्यांचाच पुढाकार. टॉवर नाही, कंपनी नाही. प्रत्येकाकडे काड्यापेटीहून जरा मोठा डबा आणि त्याला अँटेना. त्याला म्हणायचं नोड. तो आपल्या फोनला जोडला की रेंज नसली तरी फोनवरून निरोप लिहिता-वाचता येतात. एकाच्या कानावर आलेला निरोप तो पुढे ओरडतो, तो ऐकून तिसरा पुढे ओरडतो. असे मोजके टप्पे पार करत निरोप पोचतो. शिवाय तो कुलूपबंद असतो, मधल्या कोणाला वाचता येत नाही. हे कळल्यावर आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांचा उत्साहच मावळला.

मी तीन नोड घेतले. एक धाकटीला पाठवला, एक माझ्या शिवणकामाच्या दुकानात ठेवला आणि तिसरा घराच्या गच्चीवर, डोंगराकडे तोंड करून बांधला. सुरू करताना त्यानं विचारलं, साधा की मुख्य? ताईंनी 'साधा'च ठेवा म्हणून दोनदा बजावलं होतं. पण मी घरातला थोरला, सोसायटीचा चिटणीस. साधा सदस्य म्हणून मी आजवर कुठे बसलोय? 'मुख्य'वर बोट दाबलं आणि छाती फुगवून खाली उतरलो.

मग रोज पाच-सहा निरोप पाठवायला लागलो. अँटेना पावसात भिजू देऊ नकोस. वेळेवर जेव. साहेबांशी हुज्जत घालू नकोस. प्रत्येकापुढे 'पुढे गेला' अशी खूण यायची. उत्तर मात्र एकाचंही नाही.

"रुसली असेल," बायको म्हणाली. "तुम्ही लिहिता काय, ते जरा बघा की."

मग मीही रुसलो, पण निरोप पाठवणं काही थांबवलं नाही. असे तीन आठवडे गेले. दुसऱ्या दिवशी अर्जाची मुदत संपणार होती, तेव्हा दुपारी ताई कोपरापर्यंत पीठ माखलेल्या हातांनी तरातरा दुकानात आल्या.

"मास्तर, गच्चीवरचा डबा मुख्य केलाय ना तुम्ही?"

"केलाय. का?"

"का काय! डोंगराकडून काही आलं की तो सगळ्यांच्या आधी ओरडतो. त्याचं ऐकून माझा गप्प बसतो. एकानं पुढे दिलं की दुसऱ्यानं तेच परत ओरडायचं नाही, असा नियमच आहे. आणि तुमच्या डब्याचं ओरडणं तुमच्याच पाण्याच्या टाकीला आपटतं. टाकीच्या या बाजूला तीन आठवडे कुणालाच काही मिळालेलं नाही. तुमचं दुकानही त्यातच आलं!"

"पण माझे तर जातात."

"जाणारच. दुकानातलं तुमच्या गच्चीला टाकीमुळे ऐकूच येत नाही, ते माझ्या बेकरीच्या धुराड्यावरच्या डब्यावरून जातात."

माझ्या हातातली कात्री हातातच राहिली. म्हणजे धाकटीचे निरोप अख्खा डोंगर उतरून येत होते आणि माझ्याच गच्चीवर संपत होते. मला लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. ताईंना घेऊनच घरी गेलो आणि गच्चीवर चढून नोड 'साधा' केला.

दुकानात परत येऊन मी सवयीनं 'अगं, अँटेना' एवढं टाइप केलं, आणि जन्मात पहिल्यांदा फोन बाजूला ठेवून दिला. पाचच्या सुमारास एक गिऱ्हाईक नवीन पँट घालून आरशासमोर उभं राहिलं. मी खाली बसून तिची उंची बघत होतो, तेवढ्यात फोन वाजला.

"दादा, मी रोज लिहिते आणि तू त्यावर चकार शब्द काढत नाहीस. आता शेवटचं विचारते. मी जवळ राहिले तर तुला बरं वाटेल का? की उद्या अर्ज देऊन टाकू?"

मी शंभरावर निरोप पाठवले होते. त्यांत हे एकदाही लिहिलं नव्हतं. तिला ते माहीतच असणार, असं मी धरून चाललो होतो.

आधी नोडचा सगळा घोटाळा सविस्तर लिहिला. तो खोडला. मग लिहिलं, "राहा. तू गेलीस तर मला करमायचं नाही."

दोन मिनिटं गेली. गिऱ्हाईक तसंच उभं. फोन पुन्हा वाजला.

"एवढंच ऐकायचं होतं रे. नाही देत अर्ज."

मी खाली बसल्या बसल्याच डोळे पुसायला लागलो. गिऱ्हाईक घाबरून पँटकडे बघायला लागलं.

"काय झालं मास्तर? फार आखूड झाली का?"

"छे हो," मी म्हणालो, "अगदी बरोबर झालीये."